हिरड्यांचे रक्त गोळीने थांबते, पण आजार थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पानावर एका वाचकाने विचारलेला प्रश्न नुकताच वाचनात आला. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणून घेतल्या की ते थांबते आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा सुरू होते, तर याहून ‘पॉवरच्या’ गोळ्या कोणत्या घ्याव्यात, असे त्यांनी विचारले होते. उत्तर देणाऱ्या डॉक्टरांनी दंतवैद्याकडे जाण्याचा योग्य सल्ला दिला. परंतु गोळीने रक्त का थांबते आणि रक्त थांबूनही आजार का जात नाही, हे त्या चार ओळींत येऊ शकले नाही. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षे दंतवैद्य म्हणून काम करतो, आणि हिरड्यांचे विकार हाच माझ्या पदव्युत्तर शिक्षणाचा विषय होता. हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गेल्या पावसाळ्यात पंचेचाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. पुढचे खालचे चार दात हलत होते, एका दाढेच्या हिरडीतून बोटाने दाबले की पू येत होता आणि तोंडाला वास होता. त्यांनी पिशवीतून गोळ्यांच्या सात-आठ स्ट्रिप टेबलावर ठेवल्या, काही संपलेल्या आणि काही अर्धवट. दोन वर्षांत कधी गावातल्या डॉक्टरांनी, कधी मेडिकलवाल्याने, तर कधी जावेने स्वतःच्या उरलेल्यांतून त्या दिल्या होत्या. त्यांत अमॉक्सिसिलिन होते, मेट्रोनिडाझोल होते, अझिथ्रोमायसिन होते आणि दोन औषधे एकत्र असलेली एक जोडगोळीही होती. “गोळ्या घेतल्या की बरं असतंय बघा, तेवढ्या चांगल्या लिहून द्या,” असे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. त्यांची काहीच चूक नव्हती. प्रत्येक वेळी त्यांना खरोखरच बरे वाटले होते, आणि त्या बरे वाटण्याच्या आड दोन वर्षांत त्यांच्या जबड्याचे हाड झिजत गेले होते. क्ष-किरण काढला तेव्हा पुढच्या दातांभोवतीचे हाड निम्म्याहून कमी उरलेले दिसले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. दात हिरडीत उभा नसतो, हाडात उभा असतो. हिरडी हे त्या हाडावरचे पांघरूण आहे. हिरडी आणि दात यांच्यामध्ये निरोगी माणसाच्या तोंडातही एक बारीक फट असते आणि तिची खोली सुमारे तीन मिलिमीटरपर्यंत असणे स्वाभाविक आहे. दातावर रोज साचणारा जिवाणूंचा चिकट थर वेळच्या वेळी निघाला नाही, तर लाळेतील क्षार त्यात बसून त्याचे कीटण बनते, त्या खडबडीत कीटणावर नवा थर अधिक सहज धरतो, हिरडी सुजते आणि रक्त येऊ लागते. इथपर्यंतचा आजार पूर्ण परत फिरवता येतो. परंतु सूज तशीच राहिली, तर अनेकांच्या बाबतीत ती हिरडीखालच्या धाग्यांपर्यंत आणि हाडापर्यंत उतरते, ती फट चार, पाच, सात मिलिमीटर खोल होते, आणि मग त्या खोल पोकळीत, म्हणजे आम्ही ज्याला पॉकेट म्हणतो त्यात, ब्रश पोहोचत नाही, चूळ पोहोचत नाही आणि प्राणवायूही फारसा पोहोचत नाही. प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंना याहून सोयीची जागा नाही. आपल्याकडे लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हा टप्पा. या टप्प्यावर गेलेले हाड सहसा आपणहून परत येत नाही. उरलेले राखणे एवढेच बहुतेक वेळा आपल्या हाती असते.

आता गोळीकडे येतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत पाण्याचा रांजण असे. त्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरला की घरातली बाई त्यात औषध ओतत बसत नसे. ती रांजण उपडा करून काथ्याने घासत असे, कारण वरून काहीही ओतले तरी तो थर सुटत नाही हे तिला माहीत होते. दातावरचा थर असाच असतो. त्यातले जिवाणू सुटेसुटे फिरत नसतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रवात एकमेकांना धरून, थरावर थर रचून ते राहतात. रक्तातून आलेले औषध हिरडीपर्यंत आणि पॉकेटमधल्या द्रवापर्यंत येते, तिथले सुटे जिवाणू मारते आणि थराच्या वरच्या भागालाही थोडी इजा करते. आतले मात्र शाबूत राहतात, कारण औषध तिथवर पुरेसे झिरपत नाही आणि खोलवरचे कित्येक जिवाणू इतके मंद जगत असतात की वाढत्या जिवाणूंवर घाव घालणाऱ्या औषधाला त्यांच्यावर घाव घालायला जागाच मिळत नाही. प्रयोगशाळेत सुटा जिवाणू ज्या मात्रेत मरतो, त्याच्या शेकडो पट मात्रा थरातल्या त्याच जिवाणूला लागू शकते, आणि तेवढी मात्रा माणसाला गिळवता येत नाही. म्हणून सूज चार दिवसांत उतरते, रक्त थांबते, कोर्स संपतो आणि शाबूत राहिलेला थर आपले काम पुन्हा सुरू करतो.

हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी अँटोनी व्हॅन लेवेनहूक यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतः घासलेल्या भिंगाखाली आपल्याच दातांवरचा पांढरा थर पाहिला आणि त्यात वळवळणाऱ्या सूक्ष्म जिवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. त्यांनी व्हिनेगरने दात धुऊनही पाहिले, तेव्हा थराच्या बाहेरचे जीव मेले, पण व्हिनेगर संपूर्ण थरात शिरले नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका कापडवाल्याने जे पाहिले, तेच आज आम्ही औषधाच्या चिठ्ठ्या लिहिताना विसरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावरून मी प्रतिजैविकांच्या, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या अँटिबायोटिक औषधांच्या, विरोधात आहे असा अर्थ कोणी काढू नये. हिरड्यांच्या आजाराचे आणि या औषधांचे नाते जुने आहे आणि त्यातून वैद्यकशास्त्राला फार मोठे देणेही मिळाले आहे. मेट्रोनिडाझोल हे औषध मुळात स्त्रियांच्या योनिमार्गातील एका परजीवीवर काढलेले होते. १९६२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शिन नावाच्या इंग्रज दंतवैद्याने कळवले की, त्या विकारासाठी हे औषध घेणाऱ्या एका बाईंच्या हिरड्यांचा तीव्र, व्रण पडणारा आजारही त्याबरोबर बरा झाला. प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंवर हे औषध चालते हे वैद्यकाच्या ध्यानात येण्याची सुरुवात अशी एका रुग्णाच्या हिरड्यांपासून झाली. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आज कित्येकांचे प्राण ज्या औषधाने वाचतात, त्याची ही वाट तोंडातून गेली आहे. पुढे त्याच हॉलंडमध्ये, १९८९ साली, अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल एकत्र दिल्यास एका विशिष्ट, हट्टी जिवाणूमुळे होणाऱ्या आजारात चांगला परिणाम मिळतो हे दाखवले गेले आणि ही जोडी जगभर वापरात आली.

ही जोडी कोणासाठी आहे? माझ्याकडे अधूनमधून एकोणीस-वीस वर्षांची मुले येतात. दात दिसायला स्वच्छ, कीटण जवळजवळ नाही, हिरडीही वरवर गुलाबी. आणि तरी पहिल्या दाढा आणि पुढचे दात हलत असतात, क्ष-किरणात त्या दाढांच्या दोन्ही बाजूंचे हाड खचलेले दिसते. बहुतेकदा घरात आईला किंवा मोठ्या भावालाही लवकर दात पडण्याचा इतिहास असतो. या आजारातील जिवाणू हिरडीच्या ऊतींमध्येही शिरतात, तिथे माझे हत्यार पोहोचत नाही आणि म्हणून रक्तातून येणारे औषध तिथे खरोखर उपयोगी पडते. मी अशा मुलांना ही औषधे देतो आणि ती देताना मला कसलीही शंका वाटत नाही. हिरडीच्या गळूबरोबर ताप आला, गाठी आल्या, सूज गालाकडे किंवा गळ्याकडे पसरू लागली, तर तिथेही प्रतिजैविक हवेच, आणि तातडीने हवे. रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांचा विचारही वेगळा करावा लागतो. हृदयात कृत्रिम झडप असलेल्या किंवा हृदयाच्या आतल्या आवरणाला पूर्वी संसर्ग झालेल्या रुग्णाला हिरड्यांची सफाई करण्यापूर्वी एक मात्रा दिली जाते. पण ती हिरडीसाठी नसून हृदयाच्या रक्षणासाठी असते, हा फरक रुग्णाच्या नातेवाइकांनाही समजावून सांगावा लागतो.

मात्र या सर्वांत, तापासारख्या तातडीच्या प्रसंगांचा अपवाद सोडला, तर एक अट सारखीच आहे: गोळी सफाईबरोबर द्यायची असते, सफाईऐवजी देऊन उपयोग नसतो. दाताच्या मुळावरचा थर आणि कीटण हत्याराने किंवा यंत्राने काढून, म्हणजे तो रांजण घासून झाल्यावर, विस्कटलेल्या जिवाणूंवर औषध पोहोचवायचे असते. म्हणून सफाई शक्यतो थोड्या दिवसांत पूर्ण करून ती संपेल त्या सुमारास औषध सुरू करतात. आधी गोळ्या आणि “बरे वाटले नाही तर मग सफाई” हा क्रम उलटा आहे. त्यात औषधाची ताकद शाबूत थरावर वाया जाते, आणि ज्या दिवशी ती खरी लागणार असते त्या दिवशी रुग्ण म्हणतो की, या गोळ्या तर मी तीनदा घेतल्या आहेत.

सर्वच रुग्णांना सफाईबरोबर गोळ्या दिल्या तर काय बिघडते, असे माझे काही तरुण सहकारी विचारतात, आणि हा प्रश्न रास्त आहे. अनेक अभ्यास एकत्र पाहिले असता, केवळ सफाईच्या तुलनेत सफाई आणि गोळ्या या दोन्हींनी मिळून पॉकेटची खोली सहा महिन्यांनी सरासरी सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त कमी होते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. सात मिलिमीटरच्या पॉकेटपाशी बसलेल्या माणसाला तोही हवाच असतो. पण हा लाभ वर्षानंतर किती टिकतो याचा पुरावा कच्चा आहे, हे वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातून पुढे आले. त्याच वर्षी युरोपातील हिरडीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने आपली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत नेहमीच्या उपचारात पोटातून प्रतिजैविके देऊ नयेत, तरुण वयात सर्व दातांभोवती झपाट्याने हाड झिजलेल्या रुग्णांसारख्या निवडक गटांतच त्यांचा विचार व्हावा, असे सांगितले आहे. नेटाने केलेली सफाई, घरी दातांच्या फटींतून रोज फिरवलेला बारीक ब्रश आणि दर तीन-चार महिन्यांची तपासणी यांनी बहुसंख्य रुग्णांचे भागते, असा माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे. गोळीमुळे जे अर्धा मिलिमीटर मिळते ते, रुग्णाने तो बारीक ब्रश बाजूला ठेवला, की काही महिन्यांत हातातून निघून जाते.

औषध पोटातून न देता थेट पॉकेटमध्ये ठेवण्याची पद्धतही आहे आणि ती मला विचारपूर्वक केलेली वाटते. टेट्रासायक्लिन भरलेले बारीक धागे, डॉक्सीसायक्लिनचे जेल, मिनोसायक्लिनचे सूक्ष्म कण अशा रूपांत ते मिळते. क्लोरहेक्सिडिनची इवलीशी चकतीही असते, पण ते प्रतिजैविक नसून जंतुनाशक आहे. थोडेसे औषध हव्या त्या जागी कित्येक दिवस मोठ्या तीव्रतेने राहते आणि बाकी शरीराला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही. चांगली सफाई होऊनही दोन-चार जागी पॉकेट हटत नसेल, तेव्हा ही पद्धत मी वापरतो. पण तोंडभर पॉकेट असलेल्या रुग्णाला प्रत्येक जागी असे औषध ठेवणे खिशाला परवडत नाही आणि शास्त्रालाही धरून नाही. डॉक्सीसायक्लिनच्या वीस मिलिग्रॅमच्या लहान गोळीबद्दलही रुग्ण विचारतात. अमेरिकेत तिला १९९८ साली मान्यता मिळाली. एवढ्या मात्रेत ती जिवाणू मारत नाही, तर आपल्याच शरीरात सुजेमुळे सुटणारी आणि हिरडीचे धागे विरघळवणारी द्रव्ये आवरून धरते. या कल्पनेतून मला नेहमी एक जाणवते, आणि ते रुग्णांना कळावे असे वाटते. हाड खातो तो जिवाणू एकटा नव्हे. त्याला हाकलण्यासाठी शरीराने चेतवलेली आगच जास्त हाड खाते. म्हणून ज्याच्या शरीरात ती आग आधीच भडकलेली आहे, त्याचे दात लवकर जातात.

वर सांगितलेल्या बाईंच्या बाबतीत तेच झाले होते. संशय आला म्हणून रक्त तपासायला सांगितले, तर जेवणानंतरची साखर २८६ निघाली. त्यांना मधुमेह आहे हे त्या दिवसापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात येणे अवघड होते, असे हे दुहेरी नाते आहे. हिरड्यांचा उपचार नीट झाल्यावर तीन-चार महिन्यांनी मोजलेली सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरलेली दिसते. दोन वर्षे रक्त थांबवत राहिलेल्या त्या गोळ्यांनी मधुमेहाची एवढी स्पष्ट खूणही झाकून ठेवली होती, याची मला फार हळहळ वाटते. त्या बाई लहानपणापासून मशेरी लावत होत्या. आमच्या भागात, कोकणात आणि मुंबईच्या चाळींत वाढलेल्या कित्येक बायकांना तव्यावर तंबाखू जाळून केलेली मशेरी हे दात स्वच्छ करण्याचे साधनच वाटते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मशेरी मात्र घराघरांत चुलीवरच तयार होते. ती दिवसातून तीन-चार वेळा हिरडीला चोळत राहिल्यावर कोणत्याही प्रतिजैविकाने काय साधणार?

लोक गोळीकडे का वळतात, हेही आम्ही दंतवैद्यांनी समजून घेतले पाहिजे. पहिले कारण म्हणजे सफाईविषयी खोलवर रुजलेली भीती. “मशीनने दात साफ केले की दात हलायला लागतात, फटी पडतात,” हे मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकले आहे, आणि ज्याने ते अनुभवले आहे त्याला ते खोटे वाटणे शक्य नाही. खरे असे आहे की, हाड आधीच गेलेले असते, त्या जागी कीटणाचा गिलावा बसलेला असतो आणि सुजलेल्या हिरडीने फट झाकलेली असते. गिलावा काढला आणि सूज उतरली की मुळातली फट उघडी पडते. ही गोष्ट सफाईच्या आधी सांगितली तर रुग्ण समजून घेतो. नंतर सांगितली तर ती सबब ठरते. आधी सांगण्यात आम्हीच कमी पडतो. दुसरे कारण पैसा आणि बुडणारा रोज. चार बैठका म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि एसटीचे चार वेळचे भाडे. गोळ्यांचे पाकीट शंभर-दीडशे रुपयांत गावातच मिळते. दातांचे बाह्यरुग्ण उपचार आरोग्यविम्यात सहसा बसत नाहीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात हे उपचार माफक खर्चात होतात, पण आमच्या डोंगराकडच्या वस्तीवरून तिथे चार वेळा कोण जाणार?

आणि तिसरे कारण आम्ही स्वतः आहोत. संध्याकाळी सात वाजता बाहेर आठ माणसे बसलेली असताना सुजलेल्या हिरडीचा रुग्ण आला, तर चाळीस मिनिटे सफाई करण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणे सोपे असते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. रुग्ण रिकाम्या हाताने गेला तर पुन्हा येणार नाही, अशी भीती त्यामागे होती. त्या काळातल्या काही रुग्णांचे दात मी पुढे स्वतःच्या हाताने काढले आहेत, आणि प्रत्येक वेळी ती चिठ्ठी मला आठवली आहे.

गोळ्यांचा त्रासही लहान नाही. पेनिसिलिन वर्गाच्या अमॉक्सिसिलिनची तीव्र ॲलर्जी क्वचित जिवावर बेतते. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते, मळमळते, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढतो. टेट्रासायक्लिन वर्गाची औषधे गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना दिल्यास मुलांचे येणारे दात कायमचे डागाळू शकतात. म्हणजे आजीसाठी आणलेली गोळी नातवाला देण्याची सवय दातांच्याच बाबतीत किती महागात पडते पाहा. या पत्रात मी एकाही औषधाचा जिवाणू मारणारा डोस जाणूनबुजून लिहिलेला नाही, कारण पत्राचे कात्रण मेडिकलच्या काउंटरवर पोहोचावे अशी माझी इच्छा नाही.

याहून मोठी किंमत सगळ्या समाजाला द्यावी लागते. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मरण पावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्येच २०२२ साली प्रसिद्ध झाला. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल यांना जागतिक आरोग्य संघटनेने सहज उपलब्ध असावीत अशा गटात ठेवले आहे, तर अझिथ्रोमायसिनला नजर ठेवून वापरावे अशा गटात. तरीही दिवसाला एकच गोळी, तीनच दिवस, एवढ्या सोयीमुळे हिरडीच्या साध्या सुजेवर तीच हातात दिली जाते. हिरडीसाठी घेतलेली गोळी हिरडीपुरती राहत नाही. ती आतड्यातल्या कोट्यवधी जिवाणूंवरून जाते, त्यांतले टिकून राहणारे निवडते, आणि उद्या त्याच घरातल्या बाळंतिणीला किंवा तान्ह्या मुलाला ज्या औषधाची खरी गरज पडेल, त्याची धार आज बोथट करून ठेवते.

कायदा नाही असे नाही. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ‘शेड्यूल एच’ मध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ ही निवडक औषधांची अधिक कडक यादी लागू झाली आणि त्यातील औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आले. २०१६ मध्ये पाकिटावरच्या तांबड्या रेषेचा अर्थ, म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, हा लोकांना सांगण्याची मोहीम केंद्राने काढली. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना मी ती रेषा दाखवतो. आजवर दहांतल्या एकालाही तिचा अर्थ ठाऊक नव्हता. केरळने २०२४ च्या जानेवारीत ‘ऑपरेशन अमृत’ नावाने चिठ्ठीविना प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी मोहीम सातत्याने आणि तालुक्याच्या गावांपर्यंत चालवावी, अशी माझी विनंती आहे. औषधविक्रेत्यांना एकट्याला दोषी धरून मात्र चालणार नाही. पलीकडे उभ्या असलेल्या कळवळणाऱ्या माणसाला “आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा” असे सांगण्याइतके जवळ दातांचे डॉक्टर असतील, तरच ते तसे सांगू शकतील.

त्याच जानेवारीत केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना आवाहन केले होते की, प्रतिजैविक लिहिताना ते कशासाठी देत आहोत ते कारण चिठ्ठीवर नमूद करावे. ही पद्धत आम्हा खासगी दंतवैद्यांनाही लागू व्हावी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेने तसे स्पष्ट कळवावे, असे मला वाटते. मी स्वतः गेली दोन वर्षे कारण लिहितो. ‘हिरड्यांना सूज’ एवढे लिहायला गेले की पेन थांबते, कारण ते प्रतिजैविकाचे कारण नाही हे लिहिणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. आणि या एका ओळीने माझ्या चिठ्ठ्यांतली प्रतिजैविके निम्म्याहून कमी झाली आहेत. ज्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतवैद्य आहेत, तिथे सफाईचे यंत्र चालू स्थितीत असावे आणि आठवड्यातून ठरावीक दिवस केवळ हिरड्यांच्या उपचारासाठी राखावेत. गावोगावी मधुमेहाची शिबिरे होतात, पाय तपासले जातात, डोळे तपासले जातात. तिथे हिरडी पाहायला आणि दात हलतो का हे बोटाने चाचपायला अर्धे मिनिट लागते.

त्या बाईंचे दोन दात वाचवता आले नाहीत. बाकीची सफाई चार बैठकांत केली, प्रतिजैविकाची गरज पडली नाही, साखरेवर गावातल्याच डॉक्टरांनी उपचार सुरू केले आणि मशेरी सोडायला त्यांना पाच महिने लागले. हलणाऱ्यांपैकी उरलेले दोन दात आता पुष्कळ घट्ट झाले आहेत. त्या दर तीन महिन्यांनी येतात.

आपल्या पानावर प्रश्न विचारणाऱ्या त्या वाचकांना माझे सांगणे असे की, त्यांनी जवळच्या दंतवैद्याकडे जाताना आजवर घेतलेल्या सर्व गोळ्यांच्या स्ट्रिप आणि साखरेचा ताजा अहवाल बरोबर न्यावा, प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजून ती कागदावर लिहून मागावी, आणि सफाईच्या आधीच कोणी गोळ्या लिहून दिल्या तर त्या कशासाठी, एवढे अवश्य विचारावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक दंतवैद्य, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)